तिलापियाचे यकृत पिवळे पडले असेल, तर आधी खाद्य तपासावे

शेततळ्यातील तिलापिया कापून पाहिल्यावर यकृत तांबूस-तपकिरीऐवजी पिवळसर आणि तेलकट दिसते, तर दुकानदाराने सुचवलेले प्रोबायोटिक (उपयोगी जिवाणूंचे पूरक) आणि लिव्हर टॉनिक द्यावे का, असे तुम्ही विचारले आहे. मी मत्स्यखाद्याच्या क्षेत्रात काम करतो. या पूरकांचा उपयोग होतो, परंतु खाद्यातला दोष तसाच ठेवून ती दिल्यास पैसा वाया जातो, असे माझे ठाम मत आहे.

आतड्यातून अन्नरस घेऊन निघालेले बरेचसे रक्त आधी यकृतात जाते. त्यामुळे आतड्याचे अस्तर दुखावले, तर जिवाणूंचे विषारी अंश यकृतापर्यंत पोचून तेथे दाह होतो. उलट यकृतात तयार होणारे पित्त आतड्यात कोणते जिवाणू तग धरतील हे बऱ्याच अंशी ठरवते. तिलापियाच्या आतड्यात सेटोबॅक्टेरियम नावाचे जिवाणू मुबलक असतात आणि ते ब-१२ जीवनसत्त्व तयार करतात, म्हणूनच या माशाला ते खाद्यातून सहसा द्यावे लागत नाही. हे घरचे जिवाणू सांभाळणे मला बाहेरून जिवाणू आणण्याइतकेच महत्त्वाचे वाटते.

बाहेरून द्यायचेच असतील, तर बॅसिलस सबटिलिस निवडा, कारण त्याचे बीजाणू उष्णता सोसतात. लॅक्टोबॅसिलस हे जिवाणू गोळी खाद्य बनवतानाच्या उष्णतेत बहुतांशी मरतात, म्हणून ते तयार गोळ्यांवर थोड्या तेलासोबत चोळून लगेच खाऊ घालावेत. हे जिवाणू आतड्यात सहसा कायमचे वस्ती करत नाहीत; देणे थांबवले की त्यांची संख्या घटत जाते.

यकृतातील चरबीचे कारण मात्र बहुधा वेगळे असते. पिष्टमय खाद्य गरजेपेक्षा जास्त मिळाले की यकृत त्याची चरबी बनवते, आणि ती बाहेर पाठवण्यासाठी लागणारे कोलीन हे पोषकद्रव्य कमी पडले की ती तेथेच साचते. म्हणून टॉनिकच्या वेष्टनावर कोलीन आणि त्याचे प्रमाण लिहिले आहे का, हे आधी पाहा. खवट तेलामुळेही यकृत बिघडते. तेथे ई जीवनसत्त्व उपयोगी पडते, पण खवट खाद्य टाकून देणे त्याहून आवश्यक आहे. बुरशीबाबत तर तडजोड नकोच. १९६० च्या सुमारास अमेरिकेतील ट्राउट संवर्धन केंद्रांत माशांना यकृताचा कर्करोग झाला, तेव्हा बुरशी लागलेल्या सरकी पेंडीतील अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष त्याचे कारण निघाले. तिलापिया ट्राउटइतका नाजूक नसला, तरी पावसाळ्यात दमट पोत्यात राहिलेली शेंगदाणा पेंड त्याच्याही यकृताला घातक ठरते, आणि ती हानी कोणतेही प्रोबायोटिक भरून काढत नाही.

तेव्हा आधी ताजे खाद्य आणा, मासे थोड्या वेळात संपवतील इतकेच घाला, आणि काही आठवड्यांनी दोन-चार मासे कापून यकृत पुन्हा पाहा. पोट फुगणे, अंगावर रक्ताळलेले डाग किंवा मरतुक दिसल्यास मात्र वाट न पाहता नमुने मत्स्यरोग प्रयोगशाळेत न्यावेत.