डॅक घेतला, आता प्लेयर कुठला टाकू?

मागच्या वेळी इथे यूएसबी डॅकवर, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या डिजिटल गाण्याचा ॲम्पला लागणारा सिग्नल करून देणाऱ्या डबीवर लिहिलं होतं, त्याचा परिणाम असा की आता निम्मी पत्रं एकच विचारतायत, डॅक तर आला, आता कॉम्प्युटरवर प्लेयर कुठला टाकू. म्हणून आज बाकी सगळं बाजूला, फक्त प्लेयर.

प्रश्न: विंडोज लॅपटॉप, यूएसबी डॅक, पुढे ॲम्प आणि बुकशेल्फ स्पीकर असा सेटअप आहे. गाणी सगळी फ्लॅकमधे, म्हणजे काही न गमावता आवळलेल्या फाइलींत. आत्तापर्यंत व्हीएलसीवरच ऐकतोय. एक मित्र म्हणतो फूबार कोरडा वाजतो, दुसरा म्हणतो पैसे टाकून जेरिव्हर घे, आवाज खुलतो. नक्की कुठला चांगला वाजतो? आणि डॅकच्या डिस्प्लेवर कायम ४८ दिसतं, ते बरोबर आहे का?

मित्रांचं राहू द्या, तुमचा डॅक काय सांगतोय ते आधी ऐका. सीडीवरून काढलेली फाइल ४४.१ किलोहर्ट्झची असते, मग डिस्प्लेवर ४८ कसं? कारण प्लेयरने सोडलेलं गाणं थेट डॅककडे जातच नाहीये, मधे विंडोजचा मिक्सर बसलाय. ब्राउझरचा आवाज, मेल आल्याची टिंग, तुमचं गाणं, सगळं एकत्र कालवून तो एकाच ठरलेल्या रेटला बाहेर काढतो आणि तो रेट म्हणजे साउंड सेटिंग्जमधे डिफॉल्ट फॉरमॅट म्हणून जे काही निवडलेलं असेल ते. तुमच्याकडे ते ४८ आहे. म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने (मापं) असलेल्या गाण्याचे ४८,००० नमुने नव्याने बनवले जातायत. हे लगेच कानाला टोचतं असं मी म्हणणार नाही, पण डॅकवर एवढा खर्च केलाय तर फाइलमधे जे आहे तेच त्याच्यापर्यंत जाऊ दे की.

उपाय दोन मिनिटांचा आहे. फूबार २००० टाका, प्रेफरन्सेस, प्लेबॅक, आउटपुट असं जा, तिथल्या यादीत तुमच्या डॅकचं एक नाव असं दिसेल ज्याच्यापुढे एक्सक्लुझिव्ह लिहिलंय, ते निवडा. याला वासापी एक्सक्लुझिव्ह म्हणतात, विंडोज व्हिस्टापासून ही सोय आहे, मिक्सर बाजूला होतो आणि प्लेयर थेट डॅकशी बोलतो. पण थांबा, प्ले दाबायच्या आधी ॲम्पचा आवाज पार खाली करा! विंडोजची व्हॉल्यूम पट्टी तुम्ही ३० वर ठेवली असेल तर ती आता जुमानली जाईलच असं नाही आणि पहिला सूर फुल आवाजात अंगावर येतो, मी एकदा रात्री साडेअकराला हा पराक्रम करून अख्खं घर उठवलंय. मग एक सीडीचं गाणं लावा, ४४.१ दिसायला पाहिजे. मग एखादी ९६ ची हाय-रेझ फाइल लावा, काही डॅकमधे आत टक् असा रिलेचा आवाज येतो आणि आकडा ९६ होतो. गाण्याबरोबर आकडा बदलायला लागला की समजायचं, मिक्सर वाटेतून गेला.

आता कुठला चांगला वाजतो. फ्लॅक उलगडली की मूळ नमुने जसेच्या तसे परत मिळतात, फाइलच्या हेडरमधे मूळ आवाजाचा एमडी५ आकडा, म्हणजे ओळख पटवायचा ठसा लिहिलेला असतो, पाहिजे तर ताडून बघा. तेच आकडे त्याच क्रमाने डॅककडे जाणार, आणि डॅक असिंक्रोनस यूएसबीचा असेल, आता बहुतेक असतातच, तर डेटा कुठल्या वेगाने यायचा हे डॅकच्या आतलं घड्याळ ठरवतं, प्लेयरच्या हातात तेही नाही. मग फूबारचा कोरडेपणा आणि जेरिव्हरचा ओलावा शिरणार कुठून? माझं स्पष्ट मत, सेटिंग नीट केलेले सगळे प्लेयर सारखेच वाजतात, निवडायचं ते वापरायला कसा आहे यावर. फूबार फुकट आहे, २००२ पासून आहे, हलका आहे, दिसायला हिशेबाच्या वहीसारखा. म्युझिकबी पण फुकट, कव्हरं बघत बघत अल्बम निवडायची सवय असेल तर तो जास्त आवडेल. जेरिव्हरला पैसे पडतात पण त्यात डीएसपी (इक्वलायझरसारखी आवाजावरची प्रक्रिया), व्हिडिओ, दुसऱ्या खोलीत गाणी पाठवणं असं बरंच काही आहे, आधी ट्रायल वापरून बघा. व्हीएलसी व्हिडिओसाठी एक नंबर, अल्बम ऐकायला मात्र नको, दोन ट्रॅकच्या मधे खड्डा पडतो, त्या खड्ड्याचं खाली येतंच आहे.

आसिओचं, म्हणजे मिक्सर टाळून डॅककडे जायच्या दुसऱ्या वाटेचं पण बऱ्याच जणांनी विचारलंय. ती सोय स्टाइनबर्ग कंपनीने स्टुडिओसाठी काढली, तिथे वाजवणाऱ्याला स्वतःचा आवाज उशिरा ऐकू आला की ताल चुकतो. आपण खुर्चीत बसून ऐकणारे, अर्धा सेकंद उशिराने सुरू झालं तर काय बिघडलं. वासापी चालतंय ना, मग पुरे.

प्रश्न: एक्सक्लुझिव्ह मोड लावला, पण आता गाणं चालू असताना ब्राउझर मुका होतो, आणि इक्वलायझर एपीओ नावाच्या प्रोग्राममधे केलेली सगळी सेटिंग वाया गेली, काहीच फरक पडत नाही. बिघडलं का काही?

काही बिघडलेलं नाही, एक्सक्लुझिव्ह म्हणजे एकट्याचंच, डॅक प्लेयरने अडवून ठेवलाय, दुसऱ्या कुणाला मिळणार नाही. आणि इक्वलायझर एपीओ बसतो विंडोजच्या त्याच ऑडिओ इंजिनात जे आपण वाटेतून काढलं, तर त्याचा परिणाम दिसणार कसा.

पण इथे मला जरा थांबून बोलायचंय. तुम्ही तो इक्वलायझर का लावला होता? खोलीत बेस घुमतो म्हणून असेल तर तो फरक खरा आहे, मायक्रोफोनने मोजता येतो, एखाद्या फ्रिक्वेन्सीला खोली १० डेसिबलचा डोंगर उभा करते हे अगदी नेहमीचं आहे. त्यापुढे ४४.१ चं ४८ होणं म्हणजे काहीच नाही. त्यामुळे बिट-परफेक्टच्या, म्हणजे फाइलमधलं जसंच्या तसं डॅकपर्यंत नेण्याच्या नादात चांगला बसवलेला इक्वलायझर काढू नका. एक तर शेअर्ड मोडला, म्हणजे मिक्सरवाल्या वाटेला परत जा आणि निवांत ऐका, नाहीतर तेच करेक्शन प्लेयरच्या आत लावा, रूम ईक्यू विझार्ड नावाच्या फुकट प्रोग्रामने खोली मोजायची, त्यातून फिल्टरची फाइल काढायची आणि फूबारच्या कन्व्हॉल्व्हरला (अशी फाइल गाण्यावर लावणारा भाग) किंवा जेरिव्हरला द्यायची. फिल्टरमधे कुठे आवाज वाढवला असेल तर तेवढाच एकूण प्रीॲम्प खाली घ्या, नाहीतर मोठ्या जागा फाटतात.

प्रश्न: मॅकवर पण असंच असतं का?

थोडंफार. युटिलिटीजमधे ऑडिओ मिडी सेटअप नावाचं ॲप आहे ते उघडा, डॅक कुठल्या रेटला चाललाय ते तिथे दिसतं आणि हाताने बदलता पण येतं. फाइलप्रमाणे रेट आपोआप बदलायचा तर ते काम प्लेयरने करायला लागतं, ऑडिर्व्हाना नावाचा प्लेयर करतो. ॲपलचं म्युझिक ॲप फ्लॅक घेत नाही, तेच वापरायचं असेल तर एक्सएलडी नावाच्या प्रोग्रामने फ्लॅकच्या एएलएसी (ॲपलचा फ्लॅकसारखाच फॉरमॅट) करून घ्या, दोन्ही लॉसलेस आहेत, काही गमवत नाही.

प्रश्न: लाइव्ह मैफलीचा अल्बम आहे, एमपीथ्री. एका ट्रॅकवरून दुसऱ्यावर जाताना टाळ्या मधेच तुटतात, क्षणभर शांतता, मग परत टाळ्या. रसभंग होतो. फाइल खराब आहे का?

बहुधा फाइल ठीक आहे. एमपीथ्रीत आवाज १,१५२ नमुन्यांच्या फ्रेममधे भरावा लागतो आणि गाणं काही मोजून फ्रेमच्या काठावर संपत नाही, मग उरलेली जागा शांततेने भरतात, शिवाय सुरुवातीला एन्कोडर स्वतःची थोडी शांतता घालतो. एक फ्रेम म्हणजे ४४.१ ला साधारण २६ मिलिसेकंद, ऐकायला काहीच नाही, पण टाळ्यांच्या कडकडाटात तेवढा खड्डा लगेच कळतो. लेम एन्कोडर किती शांतता घातली ते फाइलमधे लिहून ठेवतो आणि फूबारसारखा प्लेयर ते वाचून तेवढं कापून टाकतो. तेव्हा आधी प्लेयर बदलून बघा. तरी तुटलं तर ती नोंदच फाइलमधे नाही, मग मूळ सीडी असेल तर परत रिप करा, एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी या प्रोग्रामने, आणि या वेळी फ्लॅकमधे. फ्लॅकला नमुने नेमके किती ते माहीत असतं, ही भानगडच नाही.

प्रश्न: जुनी गाणी हळू, नवी एकदम कर्कश मोठी, सारखं उठून आवाज कमी-जास्त करावा लागतो. रीप्लेगेन लावलं तर क्वालिटी जाते म्हणतात.

रीप्लेगेन फाइलमधल्या आवाजाला हात लावत नाही, गाणं किती मोठं आहे ते मोजून टॅगमधे एक आकडा लिहितो, वाजवताना प्लेयर त्याप्रमाणे व्हॉल्यूम कमी-जास्त करतो, बस. डिजिटल व्हॉल्यूम ६ डेसिबल खाली केला की साधारण एक बिट जातो हे खरं, पण १६ बिटची फाइल २४ बिटच्या वाटेने जात असेल तर खाली ८ बिट रिकामेच पडलेत, म्हणजे ४८ डेसिबलची मोकळी जागा. बिनधास्त लावा. फक्त अल्बम सलग ऐकताना ट्रॅक मोड ठेवू नका, अल्बम मोड ठेवा, नाहीतर मुद्दाम हळुवार ठेवलेलं गाणं पण बाकीच्यांच्या बरोबरीने ओरडायला लागतं.

प्रश्न: तुम्ही म्हणता सगळे प्लेयर सारखे. माफ करा, पण मला माझ्या घरी फरक स्वच्छ ऐकू येतो.

येत असेल, मला पण यायचा. एका पैसेवाल्या प्लेयरचं मी सहा महिने कौतुक करत फिरलो, आवाजाला कसं अंग आहे वगैरे. मग एक दिवस लक्षात आलं की जुन्या प्लेयरमधे रीप्लेगेन चालू राहिलं होतं आणि नव्यात नव्हतं, म्हणजे नवा काही डेसिबल मोठा वाजत होता, आणि थोडं मोठं वाजलं की माणसाला ते चांगलंच वाटतं. ते बंद केल्यावर अंग गेलं! तेव्हा आधी दोन्हीकडचा आवाज मीटरने सारखा करा, अंदाजाने नको. मग घरातल्या कुणाला तरी नाणं उडवून प्लेयर बदलायला सांगा, तुम्ही स्क्रीनकडे पाठ करा, १६ वेळा. १२ किंवा जास्त बरोबर आले तर ते नुसत्या नशिबाने यायची शक्यता ४ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे काहीतरी आहे. फूबारचं एबीएक्स (न बघता तुलना करायचं) प्लगिन इथे उपयोगाचं नाही, ते दोन फाइलींची तुलना करतं, दोन प्लेयरची नाही. आणि खरंच १६ पैकी १४ आले तर मला कळवा, सेटिंगमधे काय वेगळं राहिलंय ते शोधू, डीएसपी किंवा रेट बदलणारा रिसॅम्पलर कुठेतरी चालू सापडेल अशी माझी खात्री आहे.

प्रश्न: हजारो फाइली आहेत. एकच कलेक्शन अल्बम लायब्ररीत बारा तुकड्यांत दिसतो आणि मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं.

तुकड्यांचं सोपं आहे, बारा गायक म्हणून बारा अल्बम झालेत, सगळ्या ट्रॅकना अल्बम आर्टिस्टचा टॅग एकच द्या, एमपीथ्रीटॅग नावाच्या प्रोग्राममधे सगळे सिलेक्ट करून एका फटक्यात होतं. प्रश्नचिन्हांचं मात्र अवघड आहे. आयडीथ्री, म्हणजे एमपीथ्रीतले टॅग लिहायची पद्धत, तिच्या पहिल्या आवृत्तीत नावाला ३० बाइट जागा आणि देवनागरीची सोयच नाही, कुठल्यातरी प्रोग्रामने नाव त्यात कोंबताना प्रत्येक अक्षराचं प्रश्नचिन्ह केलं, ती अक्षरं गेली, परत टाइप करायला लागतील. टोप्या घातलेल्या लॅटिन अक्षरांचा गिचमिड मजकूर दिसत असेल तर नशीब चांगलं, ते एन्कोडिंग बदलून परत वाचता येतं. आणि हे सगळं करायच्या आधी फाइलींची एक कॉपी दुसऱ्या डिस्कवर.

प्रश्न: लॅपटॉपचा पंखा ऐकू येतो, आणि गाणं बदलायला उठायचा कंटाळा येतो.

रास्पबेरी पाय नावाचा छोटा कॉम्प्युटर घ्या, त्यावर मूड किंवा व्होल्युमिओ ही गाणी वाजवायची सिस्टिम टाका, दोन्हीच्या आत एमपीडी नावाचा प्लेयरच गाणी वाजवतो, पंखा नाही, स्क्रीन नाही, डॅक त्याला जोडा आणि फोनवरून चालवा. रून नावाचं सॉफ्टवेअर यापेक्षा खूप देखणं आहे पण त्याला पैसे भरावे लागतात आणि एक कॉम्प्युटर कायम चालू लागतो, तो दुसऱ्या खोलीत ठेवता येत असेल तर विचार करा. आधीच पाय पडून असेल तर आज रात्रीच सुरू होईल, मेमरी कार्ड मात्र बरं घ्या, माझं पहिलं महिनाभरात मेलं.