गावाजवळ कारखाना येतोय, हजार नोकऱ्या म्हणतात. भावाने चालतं दुकान बंद करावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आठ-दहा हजार वस्तीच्या तुमच्या गावाला लागून यंत्रांचे सुटे भाग बनवणारा कारखाना येतोय, ‘हजार नोकऱ्या’ अशी घोषणा झालीय आणि धाकटा भाऊ मोटर रिवाइंडिंगचं (जळलेल्या मोटरीत नवी तार गुंडाळून देण्याचं) दुकान बंद करून तिथे लागायचं म्हणतोय. त्याला अडवावं की जाऊ द्यावं?

अडवा. कायमचं नाही, पण सध्या तरी दुकानाला कुलूप लावू देऊ नका.

मी बावीस वर्षं कारखान्यांत काढली. त्यातले दोन कारखाने माळावर पहिली कुदळ पडल्यापासून पाहिले, आणि दोन्हीकडे भरतीच्या टेबलाच्या आतल्या बाजूला बसलो. त्यामुळे घोषणेतला आकडा कसा शिजतो ते मला ठाऊक आहे. त्या हजारात बांधकामावरची माणसं धरलेली असतात, आणि ती बहुतेक ठेकेदार आपल्याबरोबर घेऊन येतो. शेड उभी राहिली की टोळी पुढच्या साइटवर. मग येतात सिक्युरिटी, कॅन्टीन, साफसफाई, माल चढवणं-उतरवणं. ही कामं गावाला मिळतात, पण बहुधा ठेकेदाराच्या हजेरीवर. शिवाय ‘अप्रत्यक्ष रोजगार’ नावाचं एक गाठोडं असतं, त्यात गेटसमोरची चहाची टपरीसुद्धा मोजलेली असू शकते. हे सगळं वजा केल्यावर जे उरतं ते कंपनीच्या स्वतःच्या पटावरचे लोक. मी पाहिलेल्या दुसऱ्या कारखान्यात उत्पादन सुरू होऊन वर्ष झालं तेव्हा घोषणेच्या चौथा हिस्साही पटावर नव्हता.

यात दरवेळी कुणी खोटं बोलतं असं नाही. कारखाना टप्प्याटप्प्यानं वाढतो. आधी उत्पादनाची एकच लाइन बसते, ट्रायलचा माल निघतो, गिऱ्हाइकाची मंजुरी येते, मग दुसरी शिफ्ट. दुसरी लाइन ऑर्डर वाढल्या तर. घोषणा मात्र सगळ्या लाइन्स तीनही शिफ्टमध्ये धडधडतायत असं धरून केलेली असते.

आणि कधीकधी ‘तर’ येतच नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या माउंट प्लेझंट या छोट्या वस्तीत फॉक्सकॉन ही इलेक्ट्रॉनिक वस्तू बनवणारी कंपनी येणार असं २०१७ मध्ये जाहीर झालं, आकडा होता १३,००० नोकऱ्यांपर्यंतचा. जमिनी घेतल्या, घरं पाडली, रस्ते रुंद केले. २०२१ मध्ये राज्याबरोबरचा करार नव्याने झाला त्यात नोकऱ्या उरल्या १,४५४. बेत बदलला तेव्हा कंपनी आपला बेत घेऊन पुढे गेली. घर पाडून बसलेल्याला मागे फिरता येत नव्हतं. तुमच्या भावाचं दुकान मला याच कारणाने काळजीत टाकतं.

उलटंही घडतं, तेही सांगायला हवं. अमेरिकेतल्याच केंटकी राज्यातलं जॉर्जटाउन हे १९८०च्या दशकात अकरा हजारांच्या आसपास वस्तीचं गाव. टोयोटाने तिथला कारखाना १९८५च्या डिसेंबरात जाहीर केला आणि पहिली गाडी बाहेर पडली १९८८ मध्ये. आज तो कंपनीच्या जगातल्या सर्वांत मोठ्या कारखान्यांत गणला जातो आणि २०२०च्या जनगणनेत गावाची वस्ती ३७ हजारांवर गेली. पण मधली अडीच वर्षं बघा. त्या काळात गाड्या निघायला लागल्या नव्हत्या, मात्र कुणाला घ्यायचं हे ठरत होतं, सुरुवातीच्या माणसांना जपानला नेऊन शिकवून आणत होते. कारखाना सुरू झाल्यावर तयारीला लागणारा या टप्प्यात मागे पडतो.

तयारी म्हणजे काय, तर एक प्रसंग सांगतो. आम्ही ऑपरेटरच्या चाचणीला एक शाफ्ट (गोल दांडा) आणि व्हर्नियर (बारीक माप घ्यायची सरकती पट्टी) टेबलावर ठेवायचो. माप सांग, एवढंच. एक मुलगा आला, डिप्लोमा, चांगले मार्क. मुख्य पट्टीवर २४, खाली तिसरी रेघ जुळलेली. म्हणाला, २४.३. त्या व्हर्नियरवर एक रेघ म्हणजे ०.०२ मिलिमीटर, तेव्हा उत्तर होतं २४.०६. त्याच्या मागून आलेला दहावी पास, एका लेथच्या वर्कशॉपमध्ये चार वर्षं काढलेला. त्याने आधी खिशातल्या फडक्याने शाफ्ट पुसला, व्हर्नियरचे जबडे पुसले, ते मिटवून शून्याला शून्य जुळतंय का बघितलं, मग माप घेतलं. उत्तर बरोबर होतंच, पण मी ते ऐकायच्या आधीच त्याच्या नावावर खूण केली होती. पुढचं ऐका. पटावर घेण्यासाठी शिक्षणाची अट होती, ती काही केल्या हलेना. तो पोरगा ठेकेदारामार्फत आला आणि कायम व्हायला त्याला तीन वर्षं लागली. तेच काम, त्याच मशीनवर, शेजारच्यापेक्षा बराच कमी पगार. मला आजही त्याचा राग येतो, पण कागदाशिवाय दार उघडत नाही हे खरं आहे. भावाकडे हात असेल तर कागदही करून घ्यायला सांगा; इलेक्ट्रिकलचं प्रमाणपत्र, जमलं तर पीएलसीचा (मशीन आपोआप चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरचा) एखादा कोर्स. मोटर जाणणारा माणूस मेंटेनन्समध्ये लागतोच, आणि मेंटेनन्सची माणसं लाइनवरच्यांपेक्षा उशिरा कमी होतात.

आता गावाला एकूण काय मिळतं? अर्थशास्त्रज्ञ एन्रिको मोरेत्ती यांनी २०१० मध्ये अमेरिकेतल्या शहरांचा हिशेब मांडला होता. उत्पादन क्षेत्रात एक नोकरी वाढली की त्याच शहरात दुकानं, दुरुस्ती, बांधकाम, शिकवण्या अशा स्थानिक कामांत सरासरी १.६ नोकऱ्या वाढतात. हा आकडा भाषणांत फार वापरतात, पण तो शहरांचा आहे. छोट्या गावात इंजिनिअर तासाभरावरच्या शहरातून बसने येतो, संध्याकाळी परत जातो, पगार तिकडेच खर्चतो. पैसा गावात किती थांबेल हे माणसं गावात राहतात की नाही यावर आहे. राहिली तर घरभाडी चढतात. घरमालक खूश, भाडेकरू शिक्षिका हैराण. आणि ज्याबद्दल कुणी बोलत नाही ते म्हणजे गावातली जुनी वर्कशॉप्स. त्यांचे बरे टर्नर, वेल्डर पहिल्या सहा महिन्यांत कारखान्यात जातात. मालक मग स्वतः लेथवर उभा राहतो किंवा शटर ओढतो.

ग्रामसभेत किंवा जनसुनावणीत कंपनीची माणसं आली तर ‘किती नोकऱ्या’ हे विचारू नका, त्याचं उत्तर पाठ असतं. पहिल्या वर्षअखेरीस कंपनीच्या पटावर किती, हे विचारा. ऑपरेटरला शिक्षणाची अट काय? प्रशिक्षण कुठे, आणि त्या काळात पैसे मिळणार का? रात्रपाळीला बायकांसाठी गाडी दारापर्यंत येणार का? (या एका गोष्टीवर निम्म्या गावाची नोकरी अडते. वायरिंग हार्नेससारख्या (गाडीतल्या तारांच्या जुड्या बांधण्याच्या) कामांना नाजूक हात लागतात, म्हणून बायका घेतात, मग रात्री साडेदहाला शिफ्ट सुटल्यावर त्यांनी घरी कसं जायचं हे ठरवलेलंच नसतं.) माल एकाच गिऱ्हाइकाला जाणार की चार जणांना, हेही. एकाच गाडीचा एकच भाग बनवणारा कारखाना त्या गाडीबरोबर बुडतो. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या लॉर्ड्सटाउनमध्ये जनरल मोटर्सचा कारखाना १९६६ पासून होता. शेवटी तिथे एकच मॉडेल उरलं, ते बंद झालं तशी २०१९च्या मार्चमध्ये लाइन थांबली. उत्तर तोंडी घेऊ नका, इतिवृत्तात लिहून घ्या.

परत तुमच्या भावाकडे. कारखान्यात पंप, ब्लोअर, कन्व्हेअर, कूलिंग टॉवर सगळीकडे मोटर असतात आणि त्या जळतात. पहाटे तीनला जळलेली मोटर शहरात पाठवून दोन दिवस थांबण्यापेक्षा दहा मिनिटांवरचा रिवाइंडिंगवाला मेंटेनन्सच्या इनचार्जला देवासारखा वाटतो. तेव्हा त्याने नोकरीसाठी अर्ज जरूर करावा, पण त्याच आठवड्यात व्हेंडर (बाहेरून काम करून देणारा) म्हणूनही नाव नोंदवावं. त्यासाठी करनोंदणी, छापील बिल, चालू खातं आणि मोटर तपासल्याचा लेखी रिपोर्ट लागतो. हे आत्तापासून करून ठेवता येतं. एक धोका मात्र आहे: कंपनी पैसे दोन-तीन महिन्यांनी देते आणि तांब्याची तार रोखीने घ्यावी लागते. मी तीन चांगले कारागीर याच फटीत अडकलेले पाहिलेत, काम भरपूर आणि हातात दमडी नाही. पहिल्या वर्षी कारखान्याचं काम दुकानाच्या निम्म्यापेक्षा जास्त होऊ देऊ नये, गावातल्या विहिरीवरच्या मोटरींचं गिऱ्हाईक सोडू नये. आणि पटावरचं नेमणूकपत्र खरंच हातात आलं, तर दुकानात बसवायला आजपासून एखादा पोरगा हाताखाली घ्यायला सांगा. वाइंडिंग शिकायला वर्ष जातंच.