किराणा दुकानात साउंडबॉक्स (पैसे जमा झाल्याचे बोलून सांगणारी डबी) घ्यावा, की ग्राहकाच्या फोनवरची पावती पाहिली तरी चालते?

गल्ल्यावर गर्दी असेल तर साउंडबॉक्स घ्यावाच, कारण ग्राहकाच्या फोनवर दिसणारी हिरवी खूण हा पैसे तुमच्या खात्यात जमा झाल्याचा पुरावा नव्हे; हुबेहूब तसाच पडदा दाखवणारी बनावट अ‍ॅप फसवणुकीसाठी वापरली जातात. साउंडबॉक्समध्ये स्वतःचे सिमकार्ड असते आणि तुमच्या क्यूआर कोडवर रक्कम आल्याची सूचना त्याला पेमेंट कंपनीच्या सर्व्हरकडून थेट मिळते, त्यामुळे ग्राहकाच्या फोनशी त्याचा संबंधच येत नाही. तुमच्या कोडवर कोणी दुसराच कोड चिकटवला, तर पैसे भलत्याच खात्यात जातात, पण डबी गप्प राहते आणि तिथेच शंका येते. साखर तोलता तोलता ‘एकशे वीस रुपये प्राप्त झाले’ हे मराठीत कानावर पडणे, ही २०१६ साली यूपीआय आल्यानंतर छोट्या दुकानदाराला मिळालेली सर्वांत उपयोगी सोय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र नेटवर्क कमजोर असेल तर घोषणा उशिरा होते किंवा होतच नाही. अशा वेळी ग्राहकावर संशय घेण्याआधी आपल्या खात्यातील नोंद तपासावी.