गोमुखी दरवाजा आणि मोबाईलमधली माकडं

ताई, नमस्कार.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातून आलेलं तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगा नववीत, मराठी माध्यमाचा. रोज संध्याकाळी दोन तास ‘ब्लून्स टीडी 6’ हा मोबाईल गेम खेळतो आणि मोठेपणी गेम बनवणार म्हणतो. बाबा म्हणतात, मोबाईल काढून घ्या. तुम्ही विचारता, यात काही पुढं आहे का?

तुमची एक भीती आधी दूर करते. हा जुगार नाही. 2025 च्या केंद्राच्या कायद्यानं बंदी आली ती पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन खेळांवर. हा गेम न्यूझीलंडच्या निंजा किवी कंपनीचा, 2018 सालचा. वाटेवरून रंगीत फुगे येतात, माकडं नेमून ते फोडायचे. मात्र त्यात खरे पैसे देऊन वस्तू घेता येतात, म्हणून पैसे भरायचा पासवर्ड तुमच्याकडेच ठेवा.

आता तो त्यात एवढा का रमतो? आपल्या बेळगावकडची पोरं दिवाळीत माती कालवून किल्ले करतात, त्यानंही केला असेल. रायगडाचा महादरवाजा गोमुखी आहे. समोरून दिसत नाही, वाट वळते आणि वळणावर शत्रू दोन बुरुजांच्या माऱ्यात सापडतो. टॉवर डिफेन्स म्हणजे वाटेवर पहारेकरी नेमून चाल रोखायचे असले गेम, त्यांचं मर्म नेमकं हेच. वळणाजवळ बसवलेल्या माकडाच्या टप्प्यात तोच फुगा दोनदा येतो. शिशाचा फुगा साध्या बाणानं फुटत नाही, त्याची तजवीज आधीच करावी लागते. गेममधल्या पैशानं केळीची बाग घेतली तर पुढच्या फेऱ्यांत पैसा येतो, पण आज एक माकड कमी पडतं. बियाण्याला पैसे घालायचे की कुंपणाला, हा पेच शेतकऱ्याच्या घरात रोजचाच आहे. हिरवा, हसरा गेम, हरला तरी कुणी हिणवत नाही. चूक कुठं झाली ते दिसतं, पुन्हा मांडता येतं. परीक्षेत एवढी मुभा आपण मुलांना कुठं देतो?

पण खेळायला आवडणं वेगळं, बनवायला आवडणं वेगळं. हे पारखायला महागडा कोर्स नको, चौकटीची वही द्या. त्यानं स्वतःची वाट काढावी, पाच प्रकारचे फुगे ठरवावेत, प्रत्येक माकडाची किंमत लिहावी आणि भावंडांना खेळायला लावावं. भावंडं पहिल्याच फेरीत कंटाळली तर आकडे बदलून पुन्हा मांडतो का, ते बघा. मांडत असेल तर कामाची आवड खरी. वही दोन दिवसांत कोपऱ्यात पडली, तरी रागावू नका; ते आत्ता कळलं हे बरंच झालं. पुढची पायरी स्क्रॅच, म्हणजे कॉम्प्युटरवर ठोकळे जोडून मुलांनी गेम बनवायचं साधन, ते फुकट आहे.

शिक्षणाचं थोडक्यात. एसएसएलसी म्हणजे दहावीनंतर पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, भौतिक, रसायन, गणित आणि कॉम्प्युटर सायन्स घेऊन केसीईटी ही कर्नाटकाची प्रवेश परीक्षा दिली की इंजिनिअरिंगची वाट मिळते. व्हीटीयू हे तंत्रशिक्षणाचं विद्यापीठ तर बेळगावातच आहे. चित्रात, मांडणीत जीव असेल तर डिझाईनच्या पदवीसाठी यूसीईईडी ही प्रवेश परीक्षा आहे, ती बारावीच्या कुठल्याही शाखेच्या मुलाला देता येते. ॲनिमेशन आणि गेमिंगसाठी वेगळं धोरण आणणारं कर्नाटक हे पहिलं राज्य, 2012 सालीच. कामाच्या जागा बहुतेक बेंगळुरू, पुण्याकडे. मराठी माध्यमाची अडचण मोठी नाही, पण इंग्रजी वाचनाची आणि गणिताची सवय आत्तापासून लावा. हे मी कळकळीनं सांगते, कारण पीयूसीच्या पहिल्या वर्षी भाषा बदलली की हुशार पोरंही गांगरतात.

मोबाईल हिसकावू नका. अभ्यासानंतर एक तास खेळ, एक तास वही, एवढं ठरवा. बाबांना एकदा त्याच्याशेजारी बसवा, मध्ये न बोलता. आणि येत्या दिवाळीत किल्ला केला, की विचारा, दरवाजा तिथंच का ठेवला? तो काय म्हणाला ते मला नक्की कळवा.