राष्ट्राध्यक्षांची दप्तरं आणि आत्याच्या आठवणी

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : मी महाराजा सयाजीराव विद्यापीठात राज्यशास्त्रात एम. ए. करते. १९७१च्या युद्धाच्या वेळचं निक्सन सरकारचं भारतविषयक धोरण हा माझा विषय आहे. अमेरिकेला जाणं शक्य नाही. तिथली मूळ कागदपत्रं वडोदऱ्यात बसून पाहता येतील का? सुरुवात कुठून करू?
– एक वाचिका, सयाजीगंज

येतील, आणि पुष्कळ येतील. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांचे कागद त्यांच्या नावाच्या सरकारी लायब्ररीत ठेवतात. फक्त निक्सन लायब्ररीच्या संकेतस्थळावर 'इंडिया' टाकून शोधायला बसू नका. महिना जाईल आणि हाती काही लागणार नाही. अमेरिकी परराष्ट्र खात्याचा इतिहास विभाग जुने दस्तऐवज खंडवार प्रसिद्ध करतो. १९६९–७६ या मालिकेतला अकरावा खंड फक्त १९७१च्या दक्षिण आशियाई पेचप्रसंगाचा आहे. तो २००५ साली आला आणि इंटरनेटवर पूर्ण वाचायला मिळतो, पैसे लागत नाहीत. त्यातल्या मजकुराइतकीच महत्त्वाची आहे ती प्रत्येक दस्तऐवजासोबतची बारीक टीप. मूळ कागद कुठल्या संग्रहात, कितव्या खोक्यात आहे, हे तिथे लिहिलेलं असतं. तोच त्या कागदाचा पत्ता.

इथे एक खाचखळगा आहे. हा खंड तयार झाला तेव्हा निक्सन यांचे सरकारी कागद मेरीलँडमध्ये राष्ट्रीय अभिलेखागाराच्या इमारतीत होते, म्हणून टीपांमध्ये तसा उल्लेख सापडतो. पुढे ते कॅलिफोर्नियात योर्बा लिंडाच्या लायब्ररीत हलवले. तेव्हा विचारणा योर्बा लिंडाला करायची. ईमेलमध्ये 'इंदिरा गांधींविषयी जे असेल ते पाठवा' असं लिहिलंत तर उत्तर म्हणून फक्त सूचीचा दुवा येईल. संग्रह, उपसंग्रह, खोका क्रमांक, फोल्डरचं नाव या क्रमाने मागा. एका पत्रात दोन-तीन फोल्डरच मागा, आणि किती पानं आहेत व प्रतींचा खर्च किती येईल हे आधी विचारून घ्या. प्रबंधात संदर्भ देतानाही हाच पत्ता पूर्ण द्यावा लागतो. 'निक्सन लायब्ररी, अमेरिका' एवढंच लिहिलं तर त्या संदर्भाचा कुणालाच उपयोग नाही.

फोल्डर उघडल्यावर मध्येच एखादं छापील पान दिसेल, ज्यावर कागदाचा प्रकार, तारीख आणि न दाखवण्याचं कारण एवढीच नोंद असते. म्हणजे तिथला कागद काढून ठेवलेला आहे. वैतागून ते पान उलटू नका. त्या तारखेला काहीतरी लिहिलं गेलं होतं, हे त्यावरून कळतं. गोपनीय म्हणून रोखलेला कागद पुन्हा तपासून खुला करावा, असा अर्जही त्याच नोंदीच्या आधारे करता येतो.

आता ध्वनिफिती. इंदिरा गांधी ४ आणि ५ नोव्हेंबर १९७१ला निक्सन यांना भेटल्या. व्हाइट हाउसमधली ध्वनिमुद्रण यंत्रणा फेब्रुवारी १९७१ ते जुलै १९७३ चालू होती आणि सुमारे ३,७०० तासांचं मुद्रण झालं. दर्जा मात्र वाईट आहे, त्याचं कारण यंत्रातच होतं. फीत अतिशय पातळ होती आणि सेकंदाला जेमतेम अडीच सेंटिमीटर या संथ वेगाने फिरायची. एका रिळात जास्तीत जास्त बोलणं मावावं एवढाच हेतू. शिवाय ओव्हल ऑफिसमधल्या सात मायक्रोफोनपैकी पाच टेबलातच बसवलेले होते. टेबलावर काही ठेवलं की त्याचा आवाज माणसाच्या आवाजावर मात करतो. त्यामुळे एकाच संभाषणाच्या वेगवेगळ्या लिखित प्रतींमध्ये शब्द वेगवेगळे सापडतात. चांगला हेडफोन लावून स्वतः ऐका. तेच वाक्य तीनदा ऐकूनही कळलं नाही तर 'अस्पष्ट' असं लिहा, अंदाजाने भरू नका. संदर्भात फितीचा क्रमांक आणि संभाषणाचा क्रमांक, दोन्ही हवेत.

एका भेटीचे तीन पुरावे शेजारी ठेवता आले तर काम पक्कं होतं : अधिकाऱ्याने भेटीनंतर लिहिलेलं टिपण, फीत, आणि राष्ट्राध्यक्षांची दैनंदिनी. या दैनंदिनीत भेट किती वाजता सुरू झाली, कोण आत आलं, कोण कधी बाहेर पडलं, याची मिनिटागणिक नोंद असते. चौथा पुरावा आपल्याकडे आहे. ४ नोव्हेंबरच्या बैठकीला इंदिरा गांधींचे सचिव पी. एन. हक्सर हजर होते आणि त्यांचे कागद दिल्लीत तीन मूर्तीच्या ग्रंथालयात आहेत. वडोदऱ्याहून रात्रीच्या गाडीने सकाळी पोहोचता येतं. फक्त अमेरिकी कागदांवर हा विषय लिहू नका.

प्रश्न : आपल्या विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता यांच्याविषयी अमेरिकेच्या अभिलेखांत काही मिळेल का?
– एक वाचक, कारेलीबाग

शोधायला हवं, आणि दोन ठिकाणी. हंसाबेन संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर भारताच्या प्रतिनिधी होत्या आणि अध्यक्षस्थानी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट होत्या. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात 'सर्व पुरुष'ऐवजी 'सर्व मानव' हा शब्द आला तो हंसाबेनच्या आग्रहाने. एलिनॉर यांचे खासगी कागद न्यूयॉर्क राज्यात हाइड पार्कच्या रूझवेल्ट लायब्ररीत आहेत. आयोगाच्या बैठकांची इतिवृत्तं मात्र संयुक्त राष्ट्रांच्या डिजिटल ग्रंथालयात मिळतील. त्यांचे क्रमांक 'ई/सीएन.४' ने सुरू होतात. तिथे पूर्ण नाव टाकून शोधलंत तर बरंच हुकेल, कारण इतिवृत्तात त्या 'मिसेस मेहता, भारत' अशा येतात. पतीच्या, म्हणजे जीवराज मेहतांच्या नावानेही एकदा शोधा.

प्रश्न : केनेडींच्या पत्नीची मुलाखत जवळपास पन्नास वर्षं बंद होती असं वाचलं. सरकारी लायब्ररी एखादी मुलाखत इतकी वर्षं कशी दडवू शकते?
– एक वाचक, रावपुरा

'दडवली' हा शब्द इथे बसत नाही. जॅकलिन केनेडींनी १९६४ साली इतिहासकार आर्थर श्लेसिंजर यांच्यापाशी आठवणी सांगितल्या, त्या २०११ साली खुल्या झाल्या. सरकारी कागद आणि मौखिक इतिहास, म्हणजे मुलाखतींतून नोंदवलेल्या आठवणी, यांना वेगळे नियम लागतात, हे ध्यानात घेतलं की उलगडा होतो.

१९७८च्या कायद्याने राष्ट्राध्यक्षांचे कामकाजाचे कागद जनतेच्या मालकीचे ठरले. तो लागू झाला २० जानेवारी १९८१पासून, म्हणजे रेगन यांच्यापासून. पद सोडल्यावर पाच वर्षांनी नागरिक कागद मागू शकतात. ठरावीक सहा प्रकारचे कागद राष्ट्राध्यक्ष बारा वर्षांपर्यंत रोखू शकतात. त्याआधीच्या राष्ट्राध्यक्षांचे कागद खासगी मालमत्ता धरले जात आणि देणगीपत्राच्या अटींवर लायब्ररीत येत. अपवाद निक्सन यांचा. वॉटरगेटनंतर १९७४ साली स्वतंत्र कायदा करून त्यांचे कागद आणि फिती सरकारने ताब्यात घेतल्या.

मुलाखत हा कामकाजाचा कागद नव्हे. माणूस पद सोडल्यावर आपखुशीने बोलतो आणि कधी, कोणाला, किती ऐकवायचं ते करारात लिहून देतो. व्हर्जिनिया विद्यापीठाचं मिलर सेंटर कार्टर यांच्या सहकाऱ्यांपासून अशा मुलाखती घेत आलं आहे. तिथे बोलणाऱ्याला आधी त्या काळातल्या घटनांची टिपणवही मिळते आणि नंतर लिखित प्रत तपासायला मिळते. ही हमी नसती तर मोकळेपणाने कोणी बोललंच नसतं. वाचताना मात्र जागरूक राहा. हातात आलेली प्रत बोलणाऱ्याच्या नजरेखालून गेलेली असते. त्यामुळे मुलाखत कोणत्या साली घेतली आणि कोणत्या साली खुली झाली, ही दोन्ही सालं टिपून ठेवा.

प्रश्न : आणि आपल्या राष्ट्रपतींचे कागद?
– एक वाचक, मांजलपूर

आपल्याकडे प्रत्येक राष्ट्रपतींच्या नावाने सरकारी लायब्ररी काढण्याची पद्धत नाही. १९९३चा सार्वजनिक अभिलेख कायदा आणि १९९७चे नियम केंद्र सरकारच्या कागदांना लागू आहेत. पंचवीस वर्षांपेक्षा जुने, जतन करण्याजोगे कागद दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे जायला हवेत. त्यांच्या 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर नावनोंदणी करून घरबसल्या शोधता येतं. राजेंद्रप्रसादांचे खासगी कागद याच अभिलेखागारात आहेत. राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात, त्यामुळे एखाद्या निर्णयाची मूळ फाइल बहुतेक वेळा संबंधित मंत्रालयाच्या दप्तरात सापडते. शोध तिथून सुरू करा.

प्रश्न : माझे आजोबा बडोदा संस्थानच्या कचेरीत होते. आत्या आता नव्वदीला टेकली आहे, पण संस्थान विलीन झालं तेव्हाचं सगळं सांगते. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांच्या माणसांच्या मुलाखती घेतात तशा पद्धतीने तिचं बोलणं नोंदवायचं आहे. काय काय लागेल?
– एक वाचिका, दांडिया बाजार

लगेच करा, या महिन्यातच. सामान फारसं लागत नाही, तयारी मात्र लागते.

आधी घरातले कागद काढा : आजोबांचे नेमणुकीचे हुकूम, पेन्शनचे कागद, फोटो. त्यावरून एका पानावर सनावळी मांडा. संस्थानचं सरकारी वर्ष १ ऑगस्टला सुरू होऊन ३१ जुलैला संपायचं. त्यामुळे कागदावर १९३८-३९ असेल तर ते मार्च १९३९ला संपलं असं धरू नका. संस्थानचे वार्षिक प्रशासकीय अहवाल १८७५-७६पासूनचे आहेत. ते आणि 'आज्ञापत्रिका', म्हणजे संस्थानचं राजपत्र, पाहिली तर खातं कोणतं, वरचा अधिकारी कोण, हे पडताळता येतं. कोठीतल्या अभिलेख कचेरीत त्यासाठी एक चक्कर मारा.

मुद्रण मोबाइलवर चालेल, पण गळ्याशी लावायचा छोटा माइक घ्या आणि हनुवटीखाली वीतभर अंतरावर, पदराला घासणार नाही असा लावा. मुद्रण 'वेव्ह' स्वरूपात, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर ठेवा. एका माइकचा एक तास साधारण ५२० मेगाबाइट होतो, तेवढी जागा आधी मोकळी करा. आवाजाची पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. पंखा बंद, फोन विमान मोडवर. फ्रिजची घरघर तेव्हा जाणवत नाही, नंतर प्रत्येक वाक्यामागे ऐकू येते. म्हणून स्वयंपाकघरालगतची खोली टाळा. सुरुवातीला तारीख, जागा, दोघींची नावं आणि विषय मोठ्याने बोला. एका बैठकीत तास-सव्वा तास पुरे.

'तेव्हा वाईट वाटलं का गं?' असं विचारलं तर 'हो' एवढंच उत्तर येईल. 'त्या दिवशी आजोबा घरी आले तेव्हा काय झालं?' असं विचारा. ती थांबली तर मनात दहा आकडे मोजा, लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. राहिलेली गोष्ट बहुधा त्या शांततेनंतरच येते.

सर्वांत मोठी गफलत तारखांची होते. बडोदा मुंबई राज्यात विलीन झालं १ मे १९४९ला आणि गुजरात राज्य झालं १ मे १९६०ला. तारीख तीच. वारही मदतीला येत नाही, दोन्ही दिवस रविवारच होते. आठवणीत ही दोन वर्षं एकमेकांत मिसळतात आणि ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही. अशा वेळी 'कोणतं साल?' असं खोदू नका, आजूबाजूचं विचारा. आत्या तेव्हा कितवीत होती, लग्न झालं होतं का, भाजीवाल्याला आणे दिले की नवे पैसे? नवे पैसे १ एप्रिल १९५७पासून आले. ते बोलण्यात आले तर आठवण १९४९ची असूच शकत नाही. तिची चूक तिथल्या तिथे दुरुस्त करू नका. लिखित प्रतीत तळटीप द्या.

लिहून काढायला एका तासामागे सहा ते आठ तास धरा. बडोदेकरांच्या मराठीत गुजराती सहज मिसळते. आत्या वर्तमानपत्राला 'छापुं' म्हणाली तर 'छापुं'च लिहा. तिची भाषा पुणेरी करू नका.

संमतीचा कागद त्याच दिवशी मराठीत वाचून दाखवा आणि सही घ्या : मुद्रण कोणाकडे राहील, कोणाला ऐकता येईल, कोणता भाग किती वर्षं बंद. ती 'हे छापू नकोस' म्हणाली तर मिनिट-सेकंद टिपून तेवढा भाग वेगळा ठेवा, पण मूळ मुद्रण कापू नका. पूर्वी काही अमेरिकी प्रकल्पांनी लिखित प्रत झाल्यावर फिती पुसून पुन्हा वापरल्या. शब्द राहिले, आवाज गेला, आणि कुठे हसून सांगितलं नि कुठे कंठ दाटून आला, हे आता कळायला मार्ग नाही. प्रती तीन ठेवा, त्यातली एक दुसऱ्या गावी, नातलगाकडे.

प्रश्न : घरच्या रुमालात, म्हणजे दप्तर बांधायच्या फडक्यात, मोडी कागद आहेत. वर 'सन खमस तिसैन मया व अलफ' असं आहे म्हणे. हे कोणतं साल?
– एक वाचक, रावपुरा

हा शुहूर सन, अरबी संख्यांत लिहिलेला, एककाकडून वर जाणारा. खमस ५, तिसैन ९०, मया १००, अलफ १०००, म्हणजे ११९५. हे साल सूर्य मृग नक्षत्रात जातो तेव्हा, जूनच्या सुमारास सुरू होतं. जून ते डिसेंबरमधल्या कागदाला ५९९ मिळवा, जानेवारी ते मृगापर्यंतच्या कागदाला ६००. तुमचा कागद १७९४-९५चा, खर्ड्याच्या लढाईच्या वर्षातला. 'छ' नंतरचा आकडा हिजरी महिन्याची चंद्रतारीख असतो. महिना पाहिल्याशिवाय ५९९ की ६०० हे ठरत नाही. तिसा म्हणजे ९ आणि तिसैन ९०, अर्बा ४ आणि अर्बैन ४०. मोडीच्या धावत्या ओळीत शेवटचं अक्षर निसटलं की साल कित्येक वर्षांनी चुकतं. जाणकाराकडून एकदा खातरजमा करून घ्या.

लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. आणि रुमाल सोडण्याआधी, कागद ज्या क्रमाने बांधलेले आहेत त्या क्रमाने एकेकाचा क्रमांक टाकून फोटो घ्या. कोणत्या कागदापाठी कोणता होता, हे एकदा विस्कटलं की परत जुळत नाही.