दहावीच्या गणिताची ऑनलाइन शिकवणी: झूम घ्यावं की मीट, आणि ५ हजारांत काय काय येईल?

वेबकॅम घेऊ नका. सात मुलं, दहावीचं गणित, जुना लॅपटॉप आणि ५ हजारांचं बजेट, एवढ्यात झूम की गुगल मीट आणि वेबकॅम कुठला, असं तुम्ही विचारलंय. मी सुरुवात दुसऱ्या टोकाकडून करेन. मुलांच्या हातात काय आहे? सातपैकी पाच-सहा जणांकडे फोनच असणार, तोही बहुधा आईचा किंवा बाबांचा, आणि दिवसाचा दीड-दोन जीबी डेटा. त्या फोनवर तुमचं अक्षर वाचता आलं आणि आवाज तुटला नाही, की निम्मं काम झालं. साधनं त्या हिशोबाने निवडायची.

आधी डेटा. झूमने स्वतः दिलेल्या आकड्यांप्रमाणे गटाच्या व्हिडिओला साधारण १ एमबीपीएस लागतो, म्हणजे तासाला ४५० एमबी. स्क्रीन शेअर आणि सोबत छोटा व्हिडिओ असेल तर ५० ते १५० केबीपीएस (१ एमबीपीएस म्हणजे हजार केबीपीएस), नुसत्या आवाजाला ६० ते ८०. म्हणजे स्क्रीन दाखवून बोललात तर तासाला १०० एमबीच्या आसपास भागतं. मुलांना एरवी कॅमेरे बंद ठेवू द्या. सुरुवातीची दोन मिनिटं हजेरीपुरते चालू केले की पुरे.

भिंतीवरच्या फळ्यासमोर कॅमेरा लावून शिकवणंही याच कारणाने फसतं. कॅमेऱ्याच्या चित्रात हालचाल सलग दिसावी म्हणून ॲप बारकावे सोडून देतं. नेट जरा मंदावलं की x च्या डोक्यावरचा २ पुसट होतो, वजा चिन्ह गायब होतं, आणि वर्गसमीकरण चुकायला तेवढंच पुरतं. स्क्रीन शेअरमध्ये उलट असतं, चित्र सावकाश बदललं तरी चालतं पण अक्षर स्वच्छ राहतं. म्हणून लिहायचं ते लॅपटॉपच्या स्क्रीनवरच.

त्यासाठी पेन टॅब्लेट घ्या, म्हणजे पेनने लिहिलेलं लॅपटॉपच्या स्क्रीनवर उमटवणारी पाटी, स्क्रीन नसलेली साधी. वन बाय वाकॉमचा छोटा मॉडेल (सीटीएल-४७२) पुरतो. लिहायची जागा १५२ × ९५ मिमी. किंमत साधारण ३ ते ४ हजार. ह्युऑन आणि एक्सपी-पेनचे छोटे टॅब्लेट त्याहून स्वस्तात मिळतात, गणिताला तेही चालतात. मोठा घेण्याचा मोह टाळा, मोठ्यावर हात जास्त फिरवावा लागतो. बघायचं स्क्रीनकडे आणि लिहायचं टेबलावर, याची सवय व्हायला आठवडाभर लागतो. रोज वीस मिनिटं जुनीच गणितं सोडवून बघा. वर्तुळं अंडाकृती येत असतील तर टॅब्लेटच्या ड्रायव्हरच्या (त्यासोबत लॅपटॉपवर टाकायच्या सॉफ्टवेअरच्या) सेटिंगमध्ये 'फोर्स प्रपोर्शन्स' चालू करा, कारण टॅब्लेट आणि स्क्रीनचं लांबी-रुंदीचं प्रमाण वेगळं असतं. पेन टेकवल्यावर गोल रिंग येऊन रेघ उशिरा उमटत असेल, तर दोष टॅब्लेटचा नाही, विंडोजचा आहे. कंट्रोल पॅनलमध्ये 'पेन अँड टच' उघडा, 'प्रेस अँड होल्ड' निवडा, सेटिंग्जमध्ये जाऊन राइट-क्लिकची खूण काढून टाका.

फळा म्हणून ओपनबोर्ड वापरा. फुकट आहे, इंटरनेटशिवाय चालतो आणि जुन्या लॅपटॉपवर फार जड होत नाही. त्यात पट्टी, कोनमापक आणि कंपास आहेत, त्यामुळे भौमितिक रचनांचा धडा खऱ्या साधनांसारखा करून दाखवता येतो. बालभारतीच्या पुस्तकाची पीडीएफ आत घेऊन पानावरच लिहिता येतं, आणि तास संपला की सगळी पानं पीडीएफ करून गटावर टाकता येतात. जुन्या व्हिडिओंमध्ये अजून जॅमबोर्ड या ऑनलाइन फळ्याची शिफारस दिसेल. तो गुगलने ३१ डिसेंबर २०२४ ला बंद केला.

एक्सकॅलिड्रॉ हा दुसरा फळा ब्राउझरमध्ये चालतो आणि दुवा पाठवला की मुलंही त्याच पानावर लिहू शकतात. 'हे उदाहरण कोण पुढे नेतंय?' असं विचारायचं असेल तेव्हा तो उपयोगी. एक धोका मात्र आहे. एकट्याने काढलेलं चित्र ब्राउझरच्याच साठ्यात असतं, त्यामुळे कुणी हिस्टरीसोबत साइट डेटा पुसला तर फळाही जातो. तासानंतर फाइल जपून ठेवायची.

वर्तुळाच्या धड्याला जिओजेब्रा, म्हणजे हलवता येणाऱ्या आकृत्या काढायचं सॉफ्टवेअर, हवंच. अंतर्लिखित कोनाचा शिरोबिंदू कंसावरून सरकवला तरी माप तेच राहतं, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की प्रमेय पाठ करायची गरज कमी होते. आकृती आदल्या दिवशी तयार ठेवा. तास चालू असताना बिंदू जोडत बसलात तर पाच मिनिटं जातात आणि मुलं दुसऱ्या ॲपवर पोचलेली असतात.

आता झूम की मीट. दोन्हींच्या फुकट आवृत्तीला वेळेची कात्री आहे: झूमला ४० मिनिटं, मीटला तीन किंवा जास्त माणसं असतील तर ६० मिनिटं. मीटवर एकास एक शिकवणीला ही अडचण येत नाही, मर्यादा २४ तासांची आहे. तुमच्या गटाला मी मीट सुचवेन, ५० मिनिटांचा तास धरून. झूमची एक गोष्ट मात्र सरस आहे. तुम्ही दाखवलेल्या स्क्रीनवर मुलगा फोनवरून बोटाने खूण करू शकतो. 'चूक कुठे आहे तिथे गोल कर' हे तिथे पटकन होतं. शंकांच्या छोट्या तासाला झूम ठेवलंत तर ४० मिनिटंही पुरतात.

शेअर करताना पूर्ण स्क्रीन न देता फक्त ओपनबोर्डची विंडो द्या, नाहीतर व्हॉट्सॲपचे निरोप सगळ्या वर्गाला दिसतात. ओपनबोर्डमधून जिओजेब्राकडे गेलात तर शेअर बदलायला विसरू नका. मुलं जुनंच पान बघत राहतात आणि कुणी बोलतही नाही.

अक्षराच्या आकाराबद्दल फारसं कुणी सांगत नाही, पण सगळ्यात जास्त बिघडतं ते इथे. १५.६ इंची लॅपटॉपचा पडदा सुमारे ३४ सेंमी रुंद असतो. फोन आडवा धरला तर १४ सेंमी, उभा धरला तर ७. म्हणजे उभ्या फोनवर तुमचं अक्षर पाचपट लहान दिसतं. एका ओळीत एकच पायरी, पानावर सहा-सात ओळींपेक्षा जास्त नाही, पेनची जाडी मध्यम, पांढऱ्यावर काळी शाई. पिवळी आणि फिकट हिरवी शाई फोनवर दिसतच नाही. मुलांना फोन आडवा करायला आणि ऑटो-रोटेट चालू ठेवायला सांगा. पहिल्या तासाआधी घरातल्या एखाद्या फोनवरून, वायफाय बंद करून, स्वतःच्याच तासाला जॉइन व्हा आणि काय दिसतंय ते बघा. हे करताना त्या फोनचा माइक आणि स्पीकर बंद ठेवा, नाहीतर दोन उपकरणं एकमेकांचा आवाज उचलून कानठळ्या बसवतात.

उरलेल्या पैशांत माइक घ्या, ५०० रुपयांच्या आसपासचा वायरवाला कॉलर माइक किंवा हेडसेट. लॅपटॉपला एकच ऑडिओ जॅक असेल तर पिनवर तीन काळ्या रिंगा असलेला माइक लागतो. दोन रिंगांचा, कॅमेऱ्यासाठीचा माइक तिथे बहुधा चालत नाही आणि लोक तो खराब समजून परत करतात. ब्लूटूथ इअरबड टाळा. माइक चालू झाला की त्यांच्या आवाजाचा दर्जा घसरतो, शिवाय चार्जिंग नेमकं तासाच्या मध्यात संपतं.

राउटर लॅपटॉपपासून लांब असेल तर केबल ओढा. वीज जाणाऱ्या भागात असाल तर राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो. घेण्याआधी अडॅप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर वाचा, बहुतेकांवर १२ व्होल्ट असतं. तुमच्या ५ हजारांत तो कदाचित बसणार नाही, पण पुढच्या महिन्याची खरेदी तीच ठेवा.

रेकॉर्डिंगच्या मागे लागू नका. मीटच्या फुकट आवृत्तीत ते नाहीच, झूममध्ये लॅपटॉपवर होतं, पण फाइल मोठी होते आणि तासाभराचा व्हिडिओ पुन्हा बघणारी मुलं थोडी. फळ्याची आठ पानी पीडीएफ परीक्षेच्या आदल्या रात्री उघडली जाते. तरीही रेकॉर्ड करायचंच असेल तर पालकांना आधी विचारा. मुलांचे आवाज आणि चेहरे त्यात असतात.

गृहपाठ व्हॉट्सॲपवर साध्या फोटोने मागवू नका. फोटो दाबून लहान होतो आणि पेन्सिलचं काम वाचता येत नाही. गुगल ड्राइव्हच्या स्कॅनने सगळ्या पानांची एकच पीडीएफ करायला शिकवा आणि ती 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. फाइलच्या नावात मुलाचं नाव आणि धडा हवा, नाहीतर सात 'स्कॅन' नावाच्या फाइल येतात. तपासायला झोर्नल++ हे पीडीएफवर लिहिता येणारं सॉफ्टवेअर उघडा, तेही फुकट आहे. त्याच पेनने लाल शाईत खुणा करून पीडीएफ परत पाठवायची.