गणित विषय सोडण्यापूर्वी

सप्रेम नमस्कार,

अंबाजोगाईहून आपण पाठवलेले पत्र मिळाले. जानेवारी २०२५ मध्ये वॉशिंग्टनजवळ लष्करी हेलिकॉप्टर आणि प्रवासी विमान हवेत धडकून ६७ माणसे गेली, तेव्हापासून लातूरला अकरावीत शिकणाऱ्या आपल्या मुलीने विमान अपघातांचा तपास करण्याचा ध्यास घेतला आहे आणि आपण मात्र ‘नीट’साठी तिला गणित विषय सोडायला लावण्याच्या विचारात आहात. ‘पंचनामे करण्यात कसले आले करिअर?’ हा आपला प्रश्न आहे.

हा पंचनामा नव्हे. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार या तपासाचा हेतू दोषी ठरवणे हा नसून पुढचा अपघात टाळणे हा असतो. वॉशिंग्टनच्याच अपघातात हेलिकॉप्टरला २०० फुटांची मर्यादा असताना ते सुमारे २७८ फुटांवर होते. वैमानिक चुकला, असे म्हणून मोकळे होता आले असते. परंतु तपास पथकाने तशाच हेलिकॉप्टरांवर चाचण्या घेतल्या, तेव्हा हवेच्या दाबावर चालणारा उंचीमापक खऱ्या उंचीपेक्षा ८० ते १३० फूट कमी दाखवत असल्याचे आढळले. शिवाय विमानतळावरचा नियंत्रक विमानाच्या ‘मागून जा’ असे सांगत असतानाच हेलिकॉप्टरमधून माइकची कळ दाबली गेली होती; ती जेमतेम ०.८ सेकंद, पण बोलण्याची कळ दाबलेली असताना पलीकडचे ऐकू येत नाही, त्यामुळे ते शब्द बहुधा ऐकूच गेले नाहीत. हवेचा दाब काय आणि रेडिओ काय, सारे भौतिकशास्त्र आणि गणितच आहे.

आपल्याकडे नागरी विमानांचा तपास विमान अपघात अन्वेषण विभाग करतो, तर लष्करी विमानांसाठी संबंधित दलाची स्वतंत्र चौकशी असते. तिथे बारावीनंतर थेट जाता येत नाही. आधी एखाद्या कामात मुरावे लागते. एरोस्पेस किंवा मेकॅनिकल अभियांत्रिकी, विमान देखभालीचा परवाना, हवाई वाहतूक नियंत्रण, हवाई दलाची तांत्रिक शाखा, हे त्याचे रस्ते आहेत, आणि या सगळ्यांना गणित लागते. डॉक्टर होऊनही हवाई वैद्यकशास्त्राच्या मार्गाने या तपासात सहभागी होता येते, म्हणून जीवशास्त्र सोडा असेही मी म्हणणार नाही. चारही विषयांचा भार तिला झेपतो का, हे तिच्या शिक्षकांना विचारावे. झेपत नसेल तर गणित ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

विषय बदलण्याचा अर्ज तूर्त देऊ नये. त्याआधी एका संध्याकाळी तिला हा उंचीमापकाचा घोळ आपल्याला समजावून सांगायला लावा. ती कुठे अडखळते आणि कुठे रंगून सांगते, ते मला कळवा.

आपला,
करिअर मार्गदर्शक